फ्लॉरेन्स, पुरुष, शेतकरी: आयरिश खानेसुमारीतल्या एका नावाचं प्रकरण

आयर्लंडच्या १९११ च्या खानेसुमारीत 'फ्लॉरेन्स' हे नाव शोधायला घेतलं की एकमेकांशी काही घेणं-देणं नसलेली माणसं एकाच यादीत येऊन बसतात. डब्लिनच्या उपनगरातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी, बेलफास्टमधल्या कारकुनाची बायको, आणि त्यांच्याच खाली कॉर्कच्या पश्चिमेकडचा, बँट्रीच्या बाजूचा सत्तरीतला विधुर शेतकरी. तिघंही फ्लॉरेन्स. इंग्रजी नावं कानावरून गेलेल्या कुणालाही हे बाईचं नाव वाटतं, त्यामुळे म्हातारबाबांच्या नावापुढे 'पुरुष' दिसलं की पहिला संशय लिहिणाऱ्यावर जातो. मग दुसरा पुरुष फ्लॉरेन्स सापडतो, तिसरा सापडतो, आणि ते बहुतेक सगळे कॉर्क नाहीतर केरीचेच निघतात. तेव्हा संशय लिहिणाऱ्यावरून उठतो आणि आपल्यावर येतो.

एखादं नाव किती लोकांचं होतं, हा प्रश्न वरवर साधा आहे. फ्लॉरेन्सच्या बाबतीत त्याचा एकच आकडा दिला तर तो बेरीज म्हणून बरोबर असेल, पण त्यातून कळत काहीच नाही. या एका स्पेलिंगखाली दोन वेगळ्या लोकसंख्या आहेत. त्यांचा प्रदेश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि वयाची रचना तर जवळजवळ उलटी. आपल्याकडे 'किरण' मोजताना बाई-पुरुष वेगळे काढावेच लागतात, पण तिथे निदान दोन्ही किरण एकाच वाड्यात सापडू शकतात. हे दोन फ्लॉरेन्स सहसा एकमेकांना भेटतही नव्हते.

कागद कसे उरले

१९०१ ची मोजणी ३१ मार्चच्या रविवारी रात्री झाली, १९११ ची २ एप्रिलच्या रविवारी. त्या रात्री घरात जो असेल त्याची नोंद कुटुंबप्रमुखाने अर्जावर करायची. नाव, प्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, लिंग, व्यवसाय, लग्न, जन्मठिकाण, आयरिश भाषा आणि अपंगत्व, असे रकाने. १९११ ला लग्न झालेल्या बायकांसाठी आणखी भर पडली: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती हयात आहेत. अर्ज वाटायला आणि गोळा करायला रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचे शिपाई यायचे, डब्लिनमध्ये तिथलं महानगर पोलीस दल. देशाची लोकसंख्या १९०१ ला ४४,५८,७७५ भरली आणि १९११ ला ४३,९०,२१९. महादुष्काळाच्या आधी, १८४१ ला, ती ८१,७५,१२४ होती.

त्याआधीचे अर्ज जवळजवळ गेलेच. १८६१ आणि १८७१ चे मोजणीनंतर लवकरच नष्ट केले गेले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले, आणि १८२१ ते १८५१ चे जे होते ते १९२२ च्या जूनअखेरीस डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दप्तरखान्याच्या आगीत जळाले. मागे काही तुकडे राहिले. कदाचित म्हणूनच उरलेल्या दोन खानेसुमाऱ्या शंभर वर्षं कुलपात न ठेवता १९६१ मध्येच लोकांना खुल्या झाल्या. आता त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, तेही घरच्या माणसाच्या मूळ हस्ताक्षरासकट. १९०१ आणि १९११ ला आपल्याकडेही, त्याच साम्राज्याखाली, खानेसुमारी झाली होती. पण मुंबई इलाख्याचे घरोघरचे कागद राहिले नाहीत, राहिले ते छापील तक्ते. त्यामुळे १९११ ला पुणे जिल्ह्यात किती जणांचं नाव गोविंद होतं हे आज सांगता येणार नाही. कॉर्कमध्ये किती फ्लॉरेन्स होते हे सांगता येतं.

पुरुष फ्लॉरेन्स

या माणसांचं घरातलं, बोलण्यातलं नाव फिनीन. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात, विशेषतः मॅकार्थी घराण्यात, ते जुनं आणि मानाचं. १२६१ मध्ये केरीतल्या किलगार्वनजवळ कॅलनच्या लढाईत फिनीन मॅकार्थीने जेराल्डिन या अँग्लो-नॉर्मन घराण्याचा मोठा पराभव केला आणि त्याच वर्षी किन्सेलजवळ रिंगरोनला तो मारला गेला. अशा माणसाचं नाव पुढच्या पिढ्यांत फिरत राहणारच. मॅकार्थींबरोबर ते ओ'सलिव्हन, ओ'ड्रिस्कॉल, ओ'महोनी, ओ'डोनोह्यू या शेजारच्या घराण्यांतही रुळलं.

कागदावर इंग्रजी किंवा लॅटिन आलं की प्रत्येक आयरिश नावाला एक जोडीदार शोधला जायचा. डिअर्मडचा जेरेमाया व्हायचा, टाइगचा टिमथी, कॉनरचा कॉर्नेलियस, आणि गॉबनेट नावाच्या बाईची चक्क अ‍ॅबिगेल. अर्थाचा संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. आवाजात थोडं साम्य असलं तरी भागायचं, आणि एकदा रूढ झालं की तेच पक्कं. फिनीनच्या वाट्याला फ्लॉरेन्स आलं. कॅथलिक चर्चच्या लॅटिन नोंदवह्यांत तेच 'फ्लॉरेन्शियस' म्हणून दिसतं. मध्ययुगीन युरोपात हे पुरुषांचंही नाव होतंच, त्यामुळे सोळाव्या शतकात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद भोगलेला सरदार फ्लॉरेन्स मॅकार्थी इंग्रजी दप्तरात याच नावाने आहे.

नाव टिकलं ते मुलांची नावं ठेवायच्या रिवाजामुळे. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. एखाद्या फ्लॉरेन्सला चार मुलगे झाले तर त्या चौघांचेही थोरले मुलगे फ्लॉरेन्स असण्याची शक्यता भरपूर, आणि आडनाव सगळ्यांचं एकच. कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या बेअरा द्वीपकल्पावर ओ'सलिव्हन इतके की नाव-आडनावाने माणूस ओळखताच येत नाही. मग बापाचं नाव, केसांचा रंग किंवा घराण्याचं टोपणनाव जोडायचं. १८४७ ते १८६४ च्या काळात छापल्या गेलेल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात अशी टोपणनावं कंसात दिलेली सापडतात, कारण करवसुलीला कोणता फ्लॉरेन्स ते कळणं भाग होतं.

वयाकडे पाहिलं तर हे फ्लॉरेन्स सगळ्या वयांत पसरलेले आहेत. ऐंशीचे आजोबा आहेत, चाळिशीचे शेतकरी आहेत, बालवर्गातली पोरं आहेत. शेती, शेतमजुरी, किनाऱ्यालगत मासेमारी. धर्म जवळजवळ सरसकट कॅथलिक. भाषेच्या रकान्यात म्हाताऱ्यांपुढे 'आयरिश आणि इंग्रजी' आणि नातवंडांपुढे बऱ्याचदा रिकामी जागा. १९११ ला देशभर आयरिश बोलणारे ५,८२,४४६ होते, म्हणजे १३ टक्क्यांच्या थोडे वर. पुरुष फ्लॉरेन्सचा गट वेगळा काढला तर त्यात हे प्रमाण साहजिकच बरंच चढतं.

स्त्री फ्लॉरेन्स

दुसऱ्या गटाचा उगम फार अलीकडचा आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्मली म्हणून तिचं नाव ते. (थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या शहराचं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. बिचारीच्या नावाची फॅशन काही आली नाही.) १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धानंतर इंग्रजी बोलणाऱ्या जगात मुलींची नावं फ्लॉरेन्स ठेवण्याची लाट आली. आयर्लंडमध्ये ती लष्करी अधिकारी, व्यापारी, कारकून, पाद्री यांच्या घरांत आधी पोचली. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर याची बायको फ्लॉरेन्स बाल्कम १८५८ मधली, आणि तिचे वडील क्रिमियात लढलेले अधिकारी होते.

म्हणून १९०१ च्या यादीत पंचेचाळिशीच्या पुढची स्त्री फ्लॉरेन्स विरळा, साठीच्या पुढची तर अपवादाने. विशी-तिशीत आणि त्याखाली मात्र दाटी. धर्माच्या रकान्यात चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट. १९११ ला देशात कॅथलिक ७३.९ टक्के, चर्च ऑफ आयर्लंडचे १३.१ आणि प्रेस्बिटेरियन १० टक्के होते. हे प्रमाण डोक्यात ठेवून स्त्री फ्लॉरेन्सची यादी वाचली की तिचं पारडं कुठे झुकलंय ते लगेच दिसतं. कॅथलिक घरांत मुली मेरी, ब्रिजेट, मार्गारेट, कॅथरीन, एलन होत होत्या. तिथे संताचं नाव आणि आजीचं नाव यांच्यापुढे बातम्यांतल्या नावाला जागा कमी होती.

इथे एक गंमत सांगायला हवी. क्रिमियात आयर्लंडच्या नन्सही शुश्रूषेला गेल्या होत्या, आणि त्यांची प्रमुख मदर फ्रान्सिस ब्रिजमन ही किन्सेलच्या मठातली, म्हणजे ऐन कॉर्क काउंटीतली. तिचं आणि नाइटिंगेलचं अजिबात पटलं नाही. नाइटिंगेल तिला 'रेव्हरंड ब्रिकबॅट' म्हणायची, ब्रिकबॅट म्हणजे फेकून मारायचा विटेचा तुकडा. कॉर्कच्या कॅथलिक घरांनी नाइटिंगेलचं नाव उचललं नाही याला हे भांडण कारण होतं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या नाव ठेवण्याच्या पद्धतीतच पुरेसं कारण आहे. पण पुरुष फ्लॉरेन्सच्या मुलुखात नाइटिंगेलबाईंची किती चलती असेल याचा अंदाज यावरून येतो.

दोन अर्ज शेजारी ठेवले तर

खऱ्या कुटुंबांची नावं इथे नकोत. पण असे अर्ज चाळले की दोन साचे डोळ्यांत बसतात, ते असे.

पहिला बँट्रीच्या पश्चिमेचा, १९११ चा. कुटुंबप्रमुख फ्लॉरेन्स, कॅथलिक, 'लिहिता-वाचता येत नाही', वय ७४, विधुर, शेतकरी, जन्म काउंटी कॉर्क, आयरिश आणि इंग्रजी. खाली मुलगा डॅनियल, सून, आणि नातू फ्लॉरेन्स, वय ६, 'विद्यार्थी'. सहीच्या जागी फुली आणि शेजारी साक्षीला शिपायाचं नाव. सोबतच्या घराच्या तक्त्यात भिंतींना १ गुण, कारण दगडी, आणि छपराला ०, कारण गवताचं. आणखी एका कागदावर आवारातल्या इमारती: गाईंचा गोठा, डुकरांचा खोपा, कोंबड्यांचं खुराडं.

दुसरा डब्लिनच्या रॅथमाइन्सचा. प्रमुख सरकारी कारकून, चर्च ऑफ आयर्लंड. बायको. मुलगी फ्लॉरेन्स मॉड, वय १७. भाषेचा रकाना सगळ्यांचा कोरा. शेवटच्या ओळीत मोलकरीण ब्रिजेट, कॅथलिक. छपराला स्लेट. मुलीला दोन नावं आहेत हेही बघण्यासारखं. फ्लॉरेन्स मॉड, फ्लॉरेन्स एलिझाबेथ, फ्लॉरेन्स एमिली अशा जोड्या स्त्रियांच्या यादीत पुन्हा पुन्हा येतात. बेअराचा फ्लॉरेन्स नुसता फ्लॉरेन्स असतो. लिंगाचा रकाना झाकून ठेवला तरी निव्वळ मधल्या नावावरून बराचसा अंदाज बरोबर निघतो.

अधूनमधून जन्मठिकाणाच्या रकान्यात 'भारत' किंवा 'ईस्ट इंडीज' लिहिलेली फ्लॉरेन्सही भेटते. आयर्लंडबाहेर जन्म असेल तर देशाचं नाव पुरेसं होतं, त्यामुळे छावणी पुण्याची की कामठीची ते सहसा कळत नाही. पण ती जवळजवळ नेहमी मुलगी असते आणि तिच्या बापाच्या व्यवसायात लष्कर असतं.

मोजताना कुठे फसगत होते

शोधपेटी ज्या अनुक्रमणिकेवर चालते ती हस्ताक्षर वाचून कुणीतरी केलेली आहे. पुरुषासाठी 'एम' आणि स्त्रीसाठी 'एफ' ही अक्षरं घाईच्या लिखाणात फसवतात, आणि वाचणाऱ्याला फ्लॉरेन्स म्हणजे बाई हे आधीच ठाऊक असेल तर त्याचा हात 'एफ'कडे वळतो. म्हणून लिंगाचा रकाना एकटा घेऊन चालत नाही. तो नात्याशी आणि व्यवसायाशी ताडून बघायचा. 'मुलगा', 'शेतकऱ्याचा मुलगा' असं लिहिलंय आणि लिंग स्त्री दाखवलंय, तर मूळ कागदाचं चित्र उघडायचं. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ घालवायची जागा हीच आहे, कारण चूक एकाच दिशेने होते. स्त्रियांचा आकडा फुगतो, पुरुषांचा आटतो, आणि तो आटतो नेमका कॉर्क-केरीत.

दुसरी अडचण नावाच्या रूपांची. फ्लॉर, फ्लॉरी, फ्लरी, एक अक्षर बदललेले फ्लॉरेन्स, आणि क्वचित आयरिशमध्ये भरलेला अर्ज. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या गेलिक लीगची स्थापना १८९३ ची, आणि तिच्या प्रभावाखालच्या काही घरांनी नावं मुद्दाम आयरिशमध्ये लिहिली. आडनावंही याच वाऱ्याने हलली. १९०१ ला 'सलिव्हन' असलेलं कुटुंब १९११ ला 'ओ'सलिव्हन' होऊन बसतं. शिवाय कॉन्स्टॅब्युलरीच्या शिपायाला त्याच्या स्वतःच्या काउंटीत नेमत नसत. निरक्षर घराचा अर्ज भरणारा शिपाई दुसऱ्या प्रांतातला असला तर त्याने कानाला लागलं तसं लिहिणं ओघानेच आलं.

वयाचं तर विचारूच नका. म्हाताऱ्यांना पेन्शन देणारा कायदा १९०८ ला झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले. जन्मनोंदणी सुरू झाली होती १८६४ ला, म्हणजे त्या पिढीकडे दाखला असणंच शक्य नव्हतं. परिणाम असा की १९०१ ला ५८ वर्षांचा असलेला फ्लॉरेन्स १९११ ला आरामात ७१ चा होतो. दोन खानेसुमाऱ्यांतला माणूस जुळवताना दहा वर्षांचा फरक हट्टाने धरला तर अर्धे म्हातारे हरवतील. वय सिद्ध करायला पेन्शनचे अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमाऱ्या शोधत. मूळ कागद पुढे जळाले, पण त्या शोधाच्या अर्जांवर उतरवून घेतलेल्या नोंदी मागे राहिल्या. एखाद्या फ्लॉरेन्सचं बालपण केवळ त्या पेन्शनमुळे कागदावर टिकलेलं असतं.

मोजणीतून सुटलेलेही आहेत. पोलीस चौक्यांतले शिपाई, तुरुंगातले कैदी आणि मनोरुग्णालयातले रुग्ण यांची फक्त आद्याक्षरं लिहिलेली असतात, त्यामुळे 'एफ. एम.' कोण ते कळायला मार्ग नाही. आणि १९११ ला आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीगने मताधिकारासाठी खानेसुमारीवर बहिष्कार पुकारला होता. त्या रात्री मुद्दाम घराबाहेर राहिलेल्या बायका संख्येने थोड्या, पण शहरी, शिकलेल्या. स्त्री फ्लॉरेन्स ज्या थरात जास्त, नेमका तोच थर.

पुढे काय झालं

दोन्ही गट वयाप्रमाणे मांडले की पुरुषांचा गट बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सारखा, पण सगळीकडून बारीक होत चाललेला दिसतो. स्त्रियांचा गट खाली रुंद आणि वर कापून टाकल्यासारखा. पुरुष कमी होण्यात स्थलांतराचा हात मोठा. बेअराच्या टोकाला अ‍ॅलिहीजच्या तांब्याच्या खाणी १८८० च्या दशकात थंडावल्या आणि तिथले खाणकामगार अमेरिकेत माँटानातल्या ब्यूट शहरी गेले. तिथे सलिव्हन आडनावाची गर्दी झाली ती यांच्यामुळे. अमेरिकेतल्या खाणीत फ्लॉरेन्स नावाने हाका मारून घेणं किती सुखाचं असेल! इंग्रजी मासिकं, शाळा आणि दुकानांतून 'फ्लॉरेन्स म्हणजे मुलगी' हे समीकरण कॉर्कच्या खेड्यांतही शिरत होतंच, आणि आता गेलिक चळवळीमुळे मूळचं फिनीन उजळ माथ्याने लिहिता येत होतं. नातवाला आजोबांचंच नाव द्यायचं, फक्त जुन्या रूपात, ही सोय झाली.

तरी नाव लगेच संपलं नाही. केरीतल्या रॅथमोरला १८९४ मध्ये जन्मलेला फ्लॉरेन्स ओ'डोनोह्यू पुढे स्वातंत्र्ययुद्धात कॉर्कच्या पहिल्या ब्रिगेडचा गुप्तवार्ता अधिकारी झाला, नंतर त्या लढ्याचा इतिहासकार. लोक त्याला फ्लॉरी म्हणत. १९११ ला तो सतरा वर्षांचा होत होता, म्हणजे रॅथमाइन्सच्या आपल्या त्या मुलीच्याच वयाचा.

पुरुष फ्लॉरेन्सची शेवटची पिढी कोणती हे ठरवायचं तर १९२६ ची खानेसुमारी लागते. १९२१ ला युद्धामुळे मोजणी झालीच नाही, आणि आयरिश फ्री स्टेट या नव्या राज्याची पहिली मोजणी १८ एप्रिल १९२६ ची. तिच्या अर्जांवर शंभर वर्षांचं बंधन होतं. त्यात कॉर्क-केरीतले पंधरा वर्षांखालचे पुरुष फ्लॉरेन्स मोजायचे आणि त्याच वयाच्या फिनीनशी ताडायचे, मग नाव नक्की कधी वळलं ते दिसेल. स्त्रियांच्या बाबतीत असं करता येणार नाही. त्यांचा मोठा गट बेलफास्ट आणि आजूबाजूच्या काउंट्यांतला, आणि उत्तर आयर्लंडने १९२६ मध्ये केलेल्या वेगळ्या मोजणीचे घरोघरचे अर्ज नष्ट झालेले आहेत.